रिकाम्या जागेचा स्वल्पविराम

१७ नोव्हेंबर १९९१, परभणी

खोली मिळून दोन महिने होत आले आणि अजून मला कुणी हाकललेलं नाही. तेव्हा आता डायरी लिहायला हरकत नाही. आधी लिहिली असती तर नुसतं रडगाणं झालं असतं.

नोकरी चांगली आहे. इथल्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याला कुणा दानशूर माणसाने एक कंप्युटर दिलाय, आणि तो चालवायला मी. व्यवस्थापक किशनराव त्या खोलीबाहेर सगळ्यांना चपला काढायला लावतात. दसऱ्याला त्यांनी कंप्युटरला झेंडूचा हार घातला आणि कीबोर्डातल्या पाकळ्या उचकटण्यात माझी अख्खी सकाळ गेली. माणूस मात्र मनाने चांगला आहे.

नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. आडनाव सांगितलं की ती खोली 'कालच' दिलेली असायची. सगळ्या परभणीतल्या खोल्या कालच कशा काय जातात देव जाणे. शेवटी डोकंच फिरलं. पुढच्या दारात मी नुसतं 'पंचफुला' म्हणाले आणि गप्प उभी राहिले. घरमालकीण धुरपताबाई, साठीच्या पुढच्या, विधवा, मूलबाळ नाही. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं काय, तर भाकर खातेस का पोळी लागते. मी म्हटलं भाकर. झालं, खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी आई पालमहून सामान घेऊन आली. मी नळावर गेले तेवढ्यात ती आणि धुरपतामावशी ओट्यावर बसून बोलत होत्या. आईच्या तोंडून आडनाव निघालं असेल तर? रात्री आईला खोदून खोदून विचारलं, काय बोललात? तर म्हणे पावसापाण्याचं.

बाबांनी दिलेला बाबासाहेबांचा फोटो महिनाभर ट्रंकेतच ठेवला होता. मग स्वतःचीच लाज वाटली आणि भीतभीत भिंतीवर लावला. मी नसताना मावशी रोज खोली झाडून ठेवते, म्हणजे तिला दिसला असणारच. एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. जगात अशीही माणसं आहेत, हे लिहून ठेवावं म्हणून खरं तर ही डायरी.

२५ नोव्हेंबर

मोतीबिंदूचं मोठं शिबिर जानेवारीत आहे. त्यासाठी ऑक्टोबरातच कॉलेजची पोरं परभणी, मानवत, पालम असं फिरून नोंदणी करून आली. डॉक्टरांनी डोळे तपासायचे आणि पोरांनी फॉर्म भरायचे. आता ते सगळे गठ्ठे माझ्या टेबलावर. मी ते कंप्युटरात टाकायचे, आणि तो ज्याच्या त्याच्या नावाने 'अमुक तारखेला ऑपरेशनला या' असं पोस्टकार्ड छापणार.

एका माणसाची एक ओळ. ओळीत सहा गोष्टी: नंबर, नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, वय, कोणता डोळा. मधे स्वल्पविराम. प्रोग्राम तेच मोजत पुढे सरकतो. पहिल्यानंतर नाव, दुसऱ्यानंतर नवरा, तिसऱ्यानंतर गाव.

आज पहिल्यांदा चालवून पाहिला आणि काय गोंधळ! एका बाईच्या नवऱ्याचं नाव निघालं मानवत. राहणार कुठे, तर मुक्काम पोस्ट पासष्ट. आणि वय 'उजवा'. वयाच्या जागी आकडा नाही म्हटल्यावर प्रोग्राम तिथेच बसकण मारून बसला. किशनराव मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, हार घातलेला आवडला नाही का त्याला?

२८ नोव्हेंबर

सापडलं. काही फॉर्मांवर नवऱ्याच्या नावाची जागा कोरीच आहे. मी टाइप करताना ती सोडून सरळ गाव टाकलं, त्यामुळे पुढचं सगळं एकेक घर मागे सरकलं. फॉर्मच अर्धवट भरलेत, त्याला मी काय करू? पोरांनी नीट विचारायला नको?

मी प्रोग्रामात एकच ओळ वाढवली: सहापेक्षा कमी गोष्टी असतील तर ते नाव सोडून पुढे जा. भराभर यादी निघाली, कुठे अडली नाही की वाकडी झाली नाही. फार बरं वाटलं. औरंगाबादला कोर्सला असताना आमचे सर म्हणायचे, कचरा आत घेऊ नका म्हणजे कचरा बाहेर येणार नाही. त्यांची आठवण झाली.

६ डिसेंबर

ऑफिसातून लवकर निघाले. फोटोपुढे लावायला मेणबत्ती घेतली आणि नेमकी काडीपेटी विसरले. मावशीकडे मागावी, तर कशाला हवी म्हणून विचारलं म्हणजे काय सांगू? फोटो पाहून गप्प बसणं वेगळं आणि समोरासमोर बोलणं वेगळं. दारात घुटमळत होते तोवर तीच भिंतीला हात लावत लावत आली, मुठीत काडीपेटी.

"घे," म्हणाली, "आज लागंल तुला."

लाइट जाणार असं कुणीतरी तिला सांगितलं असेल. लाइट काही गेली नाही. पण मावशी अगदी वेळेवर आली बाई! मेणबत्ती लावली, फोटो देणाऱ्या माझ्या बाबांची आठवण काढली, थोडी रडले. मग मावशीने हाक मारली आणि आम्ही दोघींनी पिठलं-भाकर खाल्ली.

१९ डिसेंबर

मावशीचं हल्ली लक्ष नसतं. काल वरणात मीठच नव्हतं, आज दोनदा. मी निमूट खाल्लं, वर आणखी मागून घेतलं. सुईत दोरा मलाच ओवायला लावते, म्हणते दोरा लय जाड आलाय. कान मात्र भारी तिखट. मी पायरीवर पाय ठेवायच्या आत आतून हाक येते, "आलीस का गं पंचफुला?"

एक किरकोळ गोष्ट. मी रोज सकाळी फोटो सरळ करून जाते आणि संध्याकाळी तो डावीकडे कललेला असतो. खिळा ढिला झाला असावा. रविवारी बघते.

३ जानेवारी १९९२

कार्डं छापून आज पोस्टात पडली. खाटांइतकीच नावं बसली, एक इकडे नाही की तिकडे नाही. किशनरावांनी पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, आमच्या पंचफुलाबाईंनी एक चूक होऊ दिली नाही. मी वरवर नाही नाही म्हटलं. मनात म्हटलं, बोला, अजून बोला.

दोन पेढे मावशीला आणले. शिबिराची कार्डं गेली हे सांगितलं तर तिचा चेहरा खुलला. पेढ्यामुळे असेल, तिला गोड फार आवडतं.

११ जानेवारी

मावशीला कुणाच्या तरी पत्राची वाट आहे. पोस्टमन गल्लीत शिरला की ओट्यावर येऊन बसते. आज सुट्टी होती म्हणून मी पाहिलं. त्याने काही नाही म्हटल्यावर "बरं बाबा" म्हणाली आणि तो पार कोपऱ्यावरून वळला तरी तशीच बसून राहिली. मानवतला तिचा दीर राहतो, त्याचं पत्र असेल म्हणून विचारलं, तर म्हणाली, त्याचं न येईल तेच बरं. जास्त विचारायला नको वाटलं.

१५ जानेवारी

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी मानवतहून एक बाई आली, दगडाबाई. एकटीच, एसटीने. डोळ्यात पांढरं फूल पडल्यासारखं. नोंदणीची चिठ्ठी पुढे करून म्हणाली, शेजारणीला कारड आलं, मला का न्हाई? मी तोऱ्यात यादी काढली. नाव नाही. फॉर्म काढला, तो होता. नवऱ्याच्या नावाची जागा कोरी. मी जरा तडकूनच विचारलं, बाई, नवऱ्याचं नाव का नाही सांगितलं? तिने पदर तोंडाला लावला.

"आता त्या पोरासमोर मालकाचं नाव कसं घ्यावं, बाई? संग कुणी असतं तर सांगितलं असतं. मी एकटीच आल्ते."

माझी आईसुद्धा आयुष्यात बाबांचं नाव घेत नाही, विचारलं तर शेजारणीकडे बघते, शेजारीण सांगते. असं हजार वेळा पाहिलंय मी! दगडाबाईला बसवलं आणि कोऱ्या जागेचे सगळे फॉर्म वेगळे काढले. सगळ्या बाया. सोबत नवरा, मुलगा, सून, शेजारीण असं एक जरी माणूस असतं तर जागा भरली असती. म्हणजे ज्यांच्याबरोबर कुणी नव्हतं, नेमक्या त्याच बाया मी गाळल्या. माझ्या त्या एका ओळीने. कचरा म्हणून.

आणि त्याच गठ्ठ्यात एक फॉर्म: धुरपताबाई, परभणी. माझाच पत्ता. दोन्ही डोळे. उजवा पूर्ण पिकलेला, लवकर करावा. मीच टाइप केला असणार, पण गठ्ठे संपवायच्या घाईत नावं वाचलीच नव्हती.

आता मीठ आठवतंय. दोरा आठवतोय. भिंतीला हात लावत चालणं, पोस्टमन गेल्यावरही बसून राहणं. रोज तिच्या पुढ्यात बसून जेवले आणि मला कळलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणे!

१६ जानेवारी

सकाळी मावशीला सगळं सांगितलं. तुमचं कार्ड माझ्यामुळे आलं नाही, माझी चूक आहे. मला वाटलं रागावेल. ती आधी घाबरली.

"मला दिसत न्हाई हे कुणाला सांगू नको," म्हणाली. "मानवतच्या दिराला कळलं तर घराला कुलूप लावून मला तिकडं नेऊन बसवतील. मग तुला कुठं खोली मिळायची?"

मी म्हटलं, खोल्यांचं काय, परभणीत भाडी वाढलीत पण मिळेल कुठेतरी. ती नुसतं "हं" म्हणाली.

ऑफिसात किशनरावांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, खाटा भरल्या, आता पुढच्या वर्षी घेऊ. मी म्हटलं, पिकलेला मोतीबिंदू वर्षभर थांबत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. आवाज चढला माझा. ते उठून डॉक्टरांना फोन करायला गेले. मी चपला घालून बाहेर पायरीवर बसले. नोकरी गेली असं धरूनच चालले होते.

अर्ध्या तासाने आले. डॉक्टर एक दिवस जास्त थांबणार आहेत, तेवीस तारीख. झोपायची सोय आपण बघायची. किशनराव म्हणाले, मंडपवाल्याकडून गाद्या आणतो, व्हरांड्यात टाकू. आणि जाता जाता, "तुम्ही तो प्रोग्राम नीट करा, बाई. हार मी काढून ठेवतो." या माणसाच्या दारी आयुष्यभर काम करावं लागलं तरी माझी ना नाही.

१७ जानेवारी

प्रोग्राम नीट केला. किती साधं होतं! जागा रिकामी असली तरी तिचा स्वल्पविराम टाकायचा. मग गाव गावाच्या जागी राहतं, वय वयाच्या जागी. आणि प्रोग्रामला सांगितलं: दोन स्वल्पविरामांच्या मधे काही नसेल तर अडू नकोस, नाव सोडूही नकोस. एक गोष्ट कळलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. बाई आहे, तिचा डोळा आहे, ती वाट बघतेय.

कार्डं छापली, पण पोस्टाने वेळेत पोचणार नाहीत. म्हणून स्टँडवर गेले आणि गावोगावच्या कंडक्टरांना कार्डं वाटली. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. मानवतचा कंडक्टर म्हणाला, दगडाबाई ना, मीच आणलं होतं तिला, तिच्या वस्तीपाशीच गाडी थांबवतो. पालमची कार्डं मी स्वतः नेली. आई बरोबर आली आणि तिने दारोदार जाऊन निरोप दिले. तिलाच सगळ्या बायांच्या नवऱ्यांची नावं माहीत!

निघताना आईला म्हटलं, मावशी बरी झाली की फोटो दिसेल तिला. आई म्हणाली, मग दिसू दे की.

१९ जानेवारी

खरं तेच लिहायचं तर हेही लिहिते. मला भीती वाटते आहे. मावशी गप्प बसली म्हणून मी जिचे मनातल्या मनात पाय धरले, तिने तो फोटो पाहिलेलाच नाही. तिला दिसतच नव्हतं. माझं आडनाव तिला माहीत नाही. चार दिवसांनी ऑपरेशन, मग डोळा उघडेल आणि ती माझ्या खोलीत येईल, मग काय?

फोटो काढून ट्रंकेत ठेवावा असं आज एकदा मनात आलं. खिळ्यापर्यंत हातही गेला. मग वाटलं, नाही. खोली जायची तर जाऊ दे. तिने मला चार महिने भाकर घातली, ती काही आडनावाला घातलेली नाही. तिचा डोळा आधी.

२३ जानेवारी

व्हरांड्यात गाद्याच गाद्या, आणि त्यावर माझ्या गाळलेल्या बाया. जवळजवळ सगळ्या आल्या. दगडाबाईने सगळ्यांना सांगितलं, हीच ती पोरगी. मी मान खाली घातली तर त्या हसायला लागल्या.

मावशीला घेऊन किशनरावांच्या टेबलापाशी गेले. आज नोंद ते स्वतःच करत होते. नाव, वय झालं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर मावशीने पदर ओढून तोंड फिरवलं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली तरी. किशनराव म्हणाले, असू दे, रिकामं ठेवतो, आता आमचा कंप्युटर शहाणा झालाय. मग पुढचा प्रश्न: ऑपरेशनच्या वेळी जवळचं माणूस कोण? सही कोण करणार?

मी सांगणार होते की मी भाडेकरू आहे, मानवतला दीर आहेत. मावशीने माझं मनगट धरलं.

"ही. माझी भाची," म्हणाली. "लिहा. पंचफुला आश्रुबा हत्तीअंबीरे, पालम."

अख्ख्या परभणीत ज्या आडनावाने खोल्या 'कालच' जातात, ते आडनाव तिने मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. बापाच्या नावासकट. स्वतःच्या नवऱ्याचं नाव तोंडातून निघालं नाही त्या बाईने. मागे रांगेत तिच्या गल्लीतल्या दोघीतिघी होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशीला ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी तिने हात सोडला नसता.

किशनरावांनी लिहिलं. मी सही केली. सही काही नीट आली नाही.

आत नेताना विचारलं, मावशी, तुम्हाला कधीपासून माहीत? म्हणाली, "तुझ्या आईनं आली त्याच दिशी सांगितलं. बापाचं नाव तेवढं तिनं घेतलं न्हाई, ते पुढं पोस्टमननं तुझ्या पत्रावरचं वाचलं. ती म्हनली, बाई, मागनं कळून काढणार असाल तर आताच सांगा, पोरगी लय मानी हाय. मी म्हनलं, मला दिसंना झालंय, मला सोबत पायजे. मी तुझं सांगत न्हाई, तू माझं सांगू नको." पावसापाण्याचं बोललो म्हणे!

८ मार्च

आज मावशीला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. रिक्षातून येताना दुकानांच्या पाट्यांकडे, म्हशींकडे, माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. वाचता येत नाही तरी पाट्या बघत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, तू मला वाटलीस त्याहून बारीक हायस, भाकरी कुठं जातात?

घरी आल्यावर आधी स्वतःच्या देवापाशी गेली नाही. माझी खोली उघडायला लावली. दारात उभी राहून भिंतीकडे बघितलं, मग पुढे जाऊन चष्म्यावर हात ठेवून अजून बघितलं. मी पाठीमागे दाराची चौकट धरून उभी. सगळं माहीत असूनही.

"अगं, हा तर वाकडा हाय," म्हणाली.

मी म्हटलं, खिळा ढिला आहे, रोजच कलतो.

"खिळा कशाला ढिला असतो? मीच रोज काच पुसून हातानं चाचपून सरळ करायची. तुझ्या भिंतीवर बाबासाहेबांबिगर कुणाचा असनार? त्यांच्या फोटूवर धूळ बसू द्यावी का? म्हनलं पोरीला उंची पुरत नसंल, म्हनून हात लावते. अन् मीच रोज वाकडा करून ठिवायली व्हते!"

आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून सांगितलंय, पण तिला थांबवायचं सोडून मीही तिथेच बसून रडत होते. मी फोटोला हात लावायला उठले, तिने मला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे. आता मला दिसायलाय, मीच करते."

टाचा उंच करून तिने तो सरळ केला, दोन पावलं मागे येऊन बघितला, पुन्हा जाऊन केसभर सरकवला. मग भाकरी टाकायला गेली. वरणात मीठ बरोबर होतं.